दर्याला विचारून काढलेलं वेळापत्रक

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एक बातमी दरवर्षी ठरलेली असते : ‘मान्सून अंदमानात दाखल!’ ती वाचून घरातल्या मोठ्यांना हायसं वाटतं. आता तो १ जूनच्या सुमारास केरळात येणार आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत मुंबईत. एरवी आपली आणि अंदमानची गाठ पडते ती इतिहासाच्या पुस्तकात, सेल्युलर जेलच्या धड्यात.

पण याच अंदमानात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीनं जावं, तिथंच रात्री मुक्काम करावा, सकाळी डोळ्यांवर मास्क चढवून पाण्यात तोंड घालावं आणि खालची रंगीबेरंगी वस्ती बघत तरंगावं, अशी सहल करता येते. या पोहण्याला स्नॉर्केलिंग म्हणतात. आमच्याकडे अशा सहलीचा बेत सुरू झाला तो भाचीच्या हट्टामुळे. ती आठवीत. हट्ट तिचा, म्हणून वेळापत्रकही तिनंच करायचं असं ठरलं.

तिनं ते केलं, आणि कसं! चार रंगांची पेनं, पट्टीनं आखलेले रकाने, तासातासाचा हिशेब. चार दिवसांत पाच बेटं. एका बेटावर सकाळी, दुसऱ्यावर दुपारी. शेवटच्या रकान्यात सकाळी आठची परतीची बोट आणि दुपारी एकचं विमान. मी म्हटलं, ‘‘वा! एक मिनिटसुद्धा फुकट नाही.’’

आजोबा मालवणचे. उभं आयुष्य समुद्राकाठी गेलेलं. त्यांनी चष्मा लावून तो कागद खालपासून वरपर्यंत वाचला आणि एवढंच विचारलं, ‘‘सगळा बरा आसा. पण दर्याक इचारलंस?’’

मग तो कागद बाजूला पडला आणि खरी तयारी सुरू झाली.

आधी नकाशा उघडा. अंदमान-निकोबार ही बंगालच्या उपसागरातली पाचशेहून जास्त बेटांची माळ आहे, पण माणसांची वस्ती त्यातल्या मोजक्याच बेटांवर. चेन्नई आणि कोलकाता, दोन्ही १,२०० किलोमीटरहून जास्त लांब. राजधानी पोर्ट ब्लेअर. हे नाव आर्चिबाल्ड ब्लेअरवरून पडलं. तो ‘बॉम्बे मरीन’ या मुंबईच्या आरमारातला अधिकारी. त्यानं १७८९ मध्ये या बंदराची पाहणी केली होती. २०२४ मध्ये शहराचं नाव बदलून ‘श्री विजयपुरम’ झालं. इथून ईशान्येला चाळीसेक किलोमीटरवर हॅवलॉक बेट आहे आणि त्याच्या अलीकडे नील. ही दोन्ही १८५७ च्या उठावात आपल्याविरुद्ध लढलेल्या इंग्रज सेनापतींची नावं. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. त्याला ७५ वर्षं झाली तेव्हा, डिसेंबर २०१८ मध्ये, हॅवलॉकचं ‘स्वराज द्वीप’ आणि नीलचं ‘शहीद द्वीप’ झालं. दोन्ही नावं लिहून ठेवा. तिकिटावर एक, जेटीवरच्या माणसाच्या तोंडी दुसरं, असं होतं आणि मग आपण उगाच गोंधळतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक बेटावर मुक्काम करता येत नाही. पोर्ट ब्लेअरजवळ वंडूरला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३ साली झालेलं. त्यातलं जॉली बॉय हे बेट प्रवाळांसाठी प्रसिद्ध. तिथं सकाळी जायचं आणि दुपारी परत फिरायचं, रात्री तिथं कुणीही थांबायचं नाही. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आलटून पालटून उघडी ठेवतात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. प्लॅस्टिकची पिशवी तर बोटीत चढतानाच काढून घेतात. आणि काही भागांत, जिथं जारवा किंवा सेंटिनली लोक राहतात, तिथं पर्यटकांनी जायचंच नाही, असा कायदाच आहे. ते त्यांचं घर आहे. मुक्कामासाठी म्हणून आम्ही दोनच बेटं निवडली, हॅवलॉक आणि नील. भाचीच्या यादीतली तीन बेटं कटली. थोडं रडणं झालं, ते सोडून देऊ.

आता महिना कुठला? दिवाळीच्या सुट्टीत जावंसं सगळ्यांनाच वाटतं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवस, आणि डिसेंबरचीही खात्री नाही. डिसेंबर २०१६ ची गोष्ट ऐका. पहिल्याच आठवड्यात अंदमानजवळ कमी दाबाचा पट्टा तयार झाला. पुढे त्याचंच ‘वरदा’ चक्रीवादळ झालं आणि ते १२ तारखेला चेन्नईवर आदळलं. इकडे मुसळधार पाऊस, सोसाट्याचा वारा, बोटी बंद. हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकून पडले. शेवटी नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. त्या माणसांचं काही चुकलं होतं असं नाही. पण ‘सकाळची बोट, दुपारचं विमान’ असा बेत ज्यांचा असेल त्यांचं काय झालं असेल, विचार करा!

जानेवारी ते एप्रिल समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. आमच्या घरात दोन शाळा आणि एक कॉलेज, म्हणून वार्षिक परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या शेवटी जायचं ठरलं. मे अर्धा उलटला की त्या प्रसिद्ध बातमीची वेळ होते.

मग घड्याळ. तुम्ही भूगोलात रेखावृत्तं शिकलात ना? मुंबई साधारण ७३ अंश पूर्वेला, पोर्ट ब्लेअर ९३ अंशांच्या जवळ. फरक वीस अंशांचा. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथं आपल्यापेक्षा ऐंशी मिनिटं आधी माथ्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच! त्यामुळे एप्रिलअखेरीला तिथं पहाटे पाचला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य बुडतो. मुंबईत त्या दिवसांत सातपर्यंत उजेड असतो. ‘दुपारी जेवून, जरा पडून, चारला पोहायला जाऊ’ हा आपला घरचा हिशेब तिथं चालत नाही. चारला ऊन कलतं आणि पाण्याखालचे रंग विझायला लागतात. शिवाय वाराही बहुधा दुपारनंतरच वाढतो. तेव्हा पाण्यातलं सगळं काम सकाळी. भाचीनं तिन्ही ‘दुपारी स्नॉर्केलिंग’ खोडून ‘सकाळी सात’ असं लिहिलं.

आणि सगळ्यात महत्त्वाची भरती-ओहोटी. कोकणातल्या लोकांना ‘तिथीची पाऊणपट’ हे गणित तोंडपाठ असतं. आज चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हे आपल्या किनाऱ्याचं गणित झालं, अंदमानात वेळा वेगळ्या. पण चंद्र तोच असल्यामुळे भरती तिथंही रोज साधारण पन्नास मिनिटांनी उशिरा येते, आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतं. आजोबांनी सांगितलं, ‘‘तिथं पोचल्यार पयल्या दिवशी इचार, आज भरती किती वाजता? मग पुढचा सगळा तुझा तू काढशील.’’ नीलसारख्या बेटावर हे फार उपयोगी पडतं. ओहोटीला तिथलं प्रवाळ इतकं वर येतं की पोहायला पाणीच उरत नाही. पोहणाऱ्याचं पोट घासतं आणि प्रवाळही मोडतं. तेव्हा भरतीच्या बाजूला पोहायचं आणि ओहोटीला लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान बघायला चालत जायचं. तिथल्या डबक्यांत समुद्रकाकड्या आणि लहान मासे अडकलेले असतात. (नीलवरच्या गावांची नावं ऐका : सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आलेल्या बंगाली कुटुंबांनी ही गावं वसवली.)

एवढं झाल्यावर नवा कागद तयार झाला. पहिला दिवस पोर्ट ब्लेअर आणि सेल्युलर जेल. दुसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉक. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग. चौथ्या दिवशी नील, पाचवा दिवसही नीलवर. सहाव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर. आठव्या दिवशी विमान.

‘‘आणि सातवा?’’ मी विचारलं.

‘‘सातवा रिकामा,’’ भाची नाराजीनंच म्हणाली. ‘‘आजोबा म्हणतात, तो दर्याचा.’’

पालकांनो, हा रिकामा दिवस म्हणजे पैसे वाया घालवणं नव्हे. बोट आणि विमान यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस असायलाच हवा. घरातल्या कुणी मोठ्यानं टाकी पाठीला लावून स्कूबा केलं असेल, तर त्यालाही लगेच विमानात बसायचं नसतं. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन आधी सावकाश बाहेर पडावा लागतो. नुसत्या स्नॉर्केलिंगला ही अट नाही. आणि बोट वेळेवर आलीच, तर तोच दिवस जॉली बॉयला द्या. फक्त सोमवारी ते बंद असतं.

निघण्याआधी घरची तालीम झाली. जवळच्या जलतरण तलावात मास्क आणि नळी लावून तासभर पडून राहायचं, शेजारी मोठं माणूस. तोंडानं श्वास घ्यायची सवय आपल्याला नसते. पहिल्या पाच मिनिटांत जीव घाबरतो, मग जमतं. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची आणि धुऊन टाकायची. भाचा हे ऐकून फार खूश झाला.

त्याचा प्रश्न मात्र छान होता. ‘‘नळी एवढीशीच का? दोन मीटरची घेतली तर तळाशी बसून मासे बघता येतील!’’ नाही येणार. एक मीटर पाण्याखाली दर चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा शंभर ग्रॅम जादा भार पडतो. वीस बाय तीस सेंटिमीटरचं वहीचं पान छातीवर धरा. त्याचं क्षेत्रफळ सहाशे चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की होतात साठ किलो! छातीवर साठ किलोचा माणूस बसलेला असताना वरची हवा आत ओढणं आपल्या स्नायूंना झेपत नाही. म्हणून नळी वीतभरापेक्षा थोडीच लांब असते, आणि म्हणूनच घरी पाइप जोडून असला प्रयोग चुकूनही करायचा नाही.

बोटीचं म्हणाल तर हॅवलॉकला सरकारी बोटही जाते आणि खाजगी वेगवान बोटीही. सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात, वेगवान बोटीला त्याहून कमी. सरकारी बोट म्हणजे तिथली एस.टी. भाजी, कोंबड्या, शाळेचे मास्तर, दवाखान्यात निघालेले पेशंट, सगळे तिच्यातूनच जातात. त्यामुळे आधी बेटवाल्यांना जागा आणि मग पाहुण्यांना, आणि ते रास्तच आहे. बोट लागण्याची सवय असेल तर रिकाम्या पोटी चढू नका आणि तुडुंब भरूनही नको. दूर क्षितिजाकडे बघत बसायचं, मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही. आम्ही पुण्याहून आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या. डॉक्टरांच्या गोळीइतका त्यांचा उपयोग होतो की नाही कोण जाणे, पण डबा पहिल्या तासात संपला.

एक गोष्ट मात्र मी गंमत म्हणून सांगत नाही. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची एक बोट बुडाली आणि वीसहून जास्त माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक भरले होते. तेव्हा छोट्या बोटीत बसण्याआधी तिच्यावर लिहिलेला आकडा वाचायचा आणि आतली डोकी मोजायची. हे काम आम्ही भाच्याकडे दिलं होतं. लाइफ जॅकेटचे पट्टे बांधल्याशिवाय बोट सुटू द्यायची नाही. पट्टीचं पोहता येत असलं, तरीही.

तर आम्ही पोचलो. सेल्युलर जेल, हॅवलॉक, सगळं कागदाबरहुकूम. एलिफंट बीचला हत्ती नव्हते. पूर्वी जंगलातली लाकडं ओढायला हत्ती आणत, त्यावरून हे नाव पडलं. समुद्रात पोहणारा राजन नावाचा प्रसिद्ध हत्ती याच हॅवलॉकवर राहायचा. तो २०१६ मध्ये वारला, हे ऐकून भाचा खट्टू झाला.

आणि मग पाणी! मास्क लावून तोंड आत घातलं की आधी आवाज बंद होतो. ऐकू येतो फक्त आपलाच श्वास. पाण्यात वस्तू असतात त्यापेक्षा मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे पहिला मासा आला तेव्हा भाचीनं हातच आखडला. पोपटमासे चोचीनं प्रवाळ खरवडत होते. प्रवाळाचा तो भुगा त्यांच्या पोटातून जाऊन पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. म्हणजे किनाऱ्यावर आपण जिचे किल्ले करतो तिच्यातली बरीचशी वाळू कुठून आली हे कळलं ना? समुद्रफुलाच्या बोटांमध्ये केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश लपलेला होता. एक मोठ्ठा गोल प्रवाळ दिसला, गॅस सिलिंडरपेक्षाही मोठा. असले गोटे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. म्हणजे तो आजोबांपेक्षा वयानं मोठा असणार. त्यावर पाय ठेवून कुणी उभं राहिलं, तर वरची जिवंत साय चिरडते. थकलात तर पाठीवर तरंगा, जॅकेट आहेच, पण खाली पाय टेकू नका.

काही ठिकाणी प्रवाळ पांढरंफटक होतं. भाचीला ते सुंदर वाटलं. वाटाड्या म्हणाला, ते आजारी आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. तेच त्याला अन्न देतं आणि रंगही. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं. एप्रिल-मे हे तिथल्या पाण्याचे सगळ्यात गरम दिवस, म्हणजे आम्ही नेमके त्याच्या तापाच्या दिवसांत गेलो होतो. आणि हो, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही. वन्यजीव कायद्यानं बंदी आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

नीलवर दोन रात्री मजेत गेल्या. पाचव्या संध्याकाळी मात्र वारा पडला आणि पूर्वेकडे काळं झालं. भाची जेटीवरून धावत आली. ‘‘उद्याची बोट रद्द!’’ मालवणला वादळाच्या दिवसांत बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो, तो तिनं लहानपणापासून पाहिलाय, त्यामुळे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेजारच्या खोलीतल्या एका कुटुंबाचं विमान दुसऱ्याच दिवशी दुपारी होतं. ते रात्रभर फोन करत होते. त्यांच्या लहान मुलाला भाचीनं पत्त्यांचा डाव शिकवला.

सहावा दिवस आम्ही नीलवरच काढला. पाण्यात जायला मनाई होती, म्हणून भाजीचे मळे बघत सायकली हाणल्या. पोर्ट ब्लेअरच्या बाजारातली बरीचशी भाजी या चिमुकल्या बेटावरून जाते. मुक्कामाच्या जागेच्या मालकीणबाईंनी खिचडी आणि तळलेली वांगी वाढली. संध्याकाळी आजोबांना फोन लावला. त्यांनी वाऱ्याची दिशा विचारली, लाट कशी फुटतेय ते विचारलं आणि म्हणाले, ‘‘उद्या सुटात.’’

सातव्या दिवशी सकाळी सरकारी बोट लागली. आधी वांग्यांची आणि दुधी भोपळ्यांची पोती चढली. मग छातीशी दवाखान्याची फाइल धरलेल्या एका आजी आल्या. त्यांची वेळ आदल्या दिवशीची होती, ती चुकली होती. वर जागा नव्हती. भाचीनं उठून त्यांना खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः पोत्यांच्या शेजारी जमिनीवर बसून खिशातून तो घड्या पडलेला कागद काढला. सातव्या रकान्यात तिनं लिहिलं, ‘दर्यानं घेतला.’